वैनगंगेच्या रेतीतला एक मिलिमीटर: भूजलातल्या आयसोपॉडच्या ओळखीच्या नोंदी

5 जानेवारी 2025, रविवार

कुंडी उचलली की खाली राखाडी, चपटे, चौदा पायांचे जीव पळताना दिसतात. त्यातले काही हात लागताच गोळी होतात. ते कीटक नव्हेत, झिंगे-खेकड्यांच्या गोतातले आयसोपॉड आहेत. त्यांचे काही भाऊबंद जमिनीखालच्या पाण्यात राहतात. त्यांना डोळे नाहीत, अंगाला रंग नाही. मायक्रोसर्बेरिडी कुळातले तर जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे, पांढऱ्या सुताच्या तुकड्यासारखे. रेतीच्या कणाकणांत जी फट असते तिच्यातच त्यांचं सगळं आयुष्य जातं. वैनगंगेच्या रेतीत ते आहेत का, आणि असले तर मला ते नीट ओळखता येतात का, हे या उन्हाळ्याचं काम.

मी ब्रह्मपुरीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. आपल्याकडे विद्यार्थी आयसोपॉड शिकतो तो बाटलीतला, समुद्रातला. पायाखालचा कोणी पाहिलेला नसतो आणि मीही पाहिलेला नाही. तालुक्याच्या गावी बसून कोणाला असं काम करायचं असेल तर त्याचे माझ्याएवढे रविवार वाया जाऊ नयेत, म्हणून सगळं लिहून ठेवतो.

चोप्रा आणि तिवारी यांनी 1950 मध्ये बनारसच्या विहिरींतल्या निकोल्सिया काशिएन्से या भूजलातल्या आयसोपॉडचं वर्णन केलं. 2011 मध्ये आंध्रातून आंध्राकॉइडीस हा नवा वंश आला. हे दोन्ही वेगळ्या गटातले आणि नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतके मोठे. पण विहिरीत सापडले हे वाचून आपणही विहिरीपासून सुरुवात करावी असं ठरवलं.

12 जानेवारी

चार विहिरी केल्या. लोखंडी कडीला जाळीचं कापड शिवलं, खाली वजन बांधलं, दोरानं तळापर्यंत सोडायचं आणि दहा वेळा वर-खाली करायचं. साहित्य 300 रुपये.

दोन विहिरी गावच्या पिण्याच्या पाण्याच्या. तिथे नुकतीच ब्लिचिंग पावडर पडली होती, जाळीत गाळाशिवाय काही आलं नाही. तिसरी शेतातली, तिच्यात सायक्लॉप्स नावाचे बारीक जलजीव भरपूर, डासांच्या अळ्या, दोन-चार शिंपलीसारखे ऑस्ट्रॅकॉड. सगळे डोळेवाले, उजेडातले. चौथ्या विहिरीत जाळी पाणबुडी मोटारीच्या दोरात अडकली आणि फाटली. शेतकरी काकांनी गळ टाकून ती काढून दिली, त्यात दीड तास गेला. पुढच्यांसाठी: मोटार असलेल्या विहिरीत आधी मोटार कुठल्या बाजूला सोडली आहे ते विचारा आणि समोरच्या बाजूनं जाळी सोडा.

26 जानेवारी

झेंडावंदन आटोपून दुपारी नदीवर. ब्रह्मपुरी-आरमोरी रस्त्याच्या पुलाच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या काठालगत तीन खड्डे खणले, प्रत्येकी हातभर. खड्ड्यात झिरपलेलं पाणी मग्यानं उपसून जाळीतून गाळलं. शून्य. एक पांढरा ठिपकासुद्धा नाही.

2 फेब्रुवारी

मागच्या खेपेची चूक आज कळली, आणि ती इतकी साधी होती की मला फार लागली. जाळीची भोकं 0.2 मिलिमीटरची. प्राणी एक मिलिमीटर लांब, म्हणजे अडकणारच, असं मी धरून चाललो होतो. पण त्याची जाडी 0.1 मिलिमीटरच्या आसपास असते. तो आडवा थोडाच येणार? पाण्याच्या धारेबरोबर सुईसारखा सरळ निघून जातो. जाळी निवडताना लांबी बघू नका, जाडी बघा.

नागपूरला जाऊन स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांचं कापड आणलं. त्यांच्याकडे 120 नंबर म्हणजे सेंटिमीटरला 120 धागे. धाग्याची जाडी वजा केली की भोक साधारण 0.05 मिलिमीटरचं उरतं. मीटरचा भाव 650, जाण्यायेण्याचे 380. प्लँक्टन नेटचं खास कापड याच्या कितीतरी पट महाग पडतं. टेलरनं शिवून दिलं तेव्हा शिवणीच्या सुईची भोकंच जाळीच्या भोकांपेक्षा मोठी झाली, म्हणून पूर्ण शिवणीवर पंक्चरचं सोल्युशन चोळून दोन दिवस वाळवलं. उरलेल्या कापडाची चाळणी केली: चार इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, तोंडावर कापड ताणून वरून क्लॅम्प. शिवण्यापेक्षा हेच सोपं. आधीच असं करायला हवं होतं.

16 फेब्रुवारी

आजचा दिवस सविस्तर लिहितो, कारण इथून काम वळलं.

काठालगत पुन्हा खणत बसलो होतो. खड्डा भरायचा, पण पाणी गढूळ आणि कोमट. पलीकडे डांगरवाडी आहे, तिथल्या मावशी टरबुजाच्या वेलांना पाणी घालून परत येत होत्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "सर, तथी नोका खोदू जी. ते नदीचंच पानी आय. अथी खोदा, अथी गार पानी लागते."

त्यांनी दाखवलेली जागा काठापासून आठ-दहा पावलं वर, कोरड्या रेतीत. तिथे त्यांचा स्वतःचा झिरा होता, पिण्याच्या पाण्याचा. त्यांचं म्हणणं, काठावर नदीचं पाणी मागच्या मागं खड्ड्यात येतं, आणि वर खणलं की येतं ते रेतीच्या आतून चालत आलेलं. झिऱ्याची जागा त्या रेतीवर पाय ठेवून ठरवतात: जिथं सकाळी रेती पायाला ओलसर गार लागते आणि कण जाड असतो तिथं. बारीक, मातकट रेती असेल तर पाणी "चालत नाही".

पुस्तकात या पद्धतीला कारामान-शापुई पद्धत म्हणतात. नदीकाठच्या रेतीत भूजलापर्यंत खड्डा करायचा, झिरपू द्यायचं, गाळायचं. मी ती वाचून आलो होतो, पण खड्डा कुठं करायचा हे वाचून समजलं नव्हतं. आपल्याकडे नदी आटली की बायाबापड्या पिढ्यान्‌पिढ्या झिरे खणत आल्या आहेत, त्यांच्याइतकं रेतीखालचं पाणी कोणी जाणत नाही. जिथे काम कराल तिथे आधी झिरा खणणाऱ्यांना विचारा. मी सहा आठवडे विचारलं नाही.

मावशींच्या झिऱ्याला हात लावला नाही, त्यांच्या पिण्याचं पाणी ते. त्याच रेषेत पंधरा पावलांवर स्वतःचा खणला. पाऊण मीटरवर पाणी लागलं. हात घातला तर खरंच गार. तीस लिटर गाळलं.

23 फेब्रुवारी

मागच्या रविवारचा गाळ आठवडाभर रोज संध्याकाळी तासभर पाहिला. गाळात बारीक रेती फार येते. ती वेगळी करायची रीत तांदूळ धुण्याची: पसरट भांड्यात पाणी घालून गोल फिरवायचं, जड रेती खाली बसते न बसते तोच वरचं पाणी चाळणीवर ओतायचं. आठ वेळा. पाचव्यांदा थांबलो असतो तर निम्मे जीव रेतीतच राहिले असते, शेवटच्या तीन ओतांतही येत होते.

रोझ बेंगॉल या रंगाचे दोन थेंब (बाटली 540 रुपये, दहा वर्षं पुरेल) घालून रात्रभर ठेवलं. सजीवांचं अंग गुलाबी होतं, रेती आणि कचरा तसाच राहतो. नवशिक्या डोळ्यांना याचा फार आधार आहे.

आणि आज चार सापडले. एक मिलिमीटरचे, सुतासारखे, बिनडोळ्यांचे, खंडाखंडांचे. मी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकून लिहिलं: वैनगंगेतला पहिला आयसोपॉड.

2 मार्च

तो आयसोपॉड नव्हता. ग्रुपवर दुरुस्ती टाकली.

घाईत मी फक्त आकार पाहिला होता. आज एक जीव ग्लिसरीनच्या थेंबात कुशीवर वळवून 400 पटींवर पाय मोजले तेव्हा दिसलं की बहुतेक प्रत्येक पायाला दोन फांद्या आहेत. आयसोपॉडच्या चालायच्या पायाला एकच फांदी असते. मग खंड मोजले. डोक्यामागे सुटे खंड आठ, आयसोपॉडचे सात हवेत, कारण छातीचा पहिला खंड त्याच्या डोक्याला जोडलेला असतो. शेपटाकडे काटे रांगेनं लावलेल्या कंगव्यासारखे पुच्छपाद, आणि त्यांच्याही मागे फर्का नावाची दुफळी. आयसोपॉडला फर्का नसते.

म्हणजे हे बॅथिनेलासिया. रेतीखालच्या पाण्यातले हे दुसरे जुने रहिवासी, तितकेच लहान, तितकेच लांबुडके. दोघांचं सारखेपण नात्याचं नाही, राहत्या जागेचं आहे. फटीत राहायचं तर सगळ्यांनाच बारीक आणि लांब व्हावं लागतं. हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड, म्हणजे सायक्लॉप्सचे भाऊबंद, तेसुद्धा इथे तसेच सुतासारखे दिसतात. म्हणून या जागेत आकारावरून नाव ठेवता येत नाही, पायच मोजावे लागतात.

बॅथिनेला काही कमी मोलाचे नाहीत. त्यांच्यातला हॅब्रोबॅथिनेला हा वंश मादागास्करमध्ये आणि भारतात आढळतो. या दोन्ही भूमी कधीकाळी एकमेकींना जोडलेल्या होत्या हे आठवलं की त्या एक मिलिमीटरकडे बघायची नजर बदलते. माझे चार कोणत्या वंशाचे, तो वेगळा अभ्यास. नळीत ठेवून दिले.

9 मार्च

आजचं नुकसान पूर्णपणे टाळता आलं असतं. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या जेल पेननं लिहिल्या होत्या. 95 टक्के अल्कोहोलचा एक थेंब ओघळला की शाई धुऊन जाते. सहा नळ्यांपैकी दोन कुठल्या खड्ड्यातल्या ते आता सांगता येत नाही. त्या टाकून दिल्या, म्हणजे संग्रहातून काढल्या. कुठून, किती खोलीवरून, कोणत्या तारखेला, हे ज्याच्याबरोबर नाही तो नमुना वर्गात दाखवण्यापुरता. आता जाड कागदाची चिठ्ठी, शिसपेन्सिलनं लिहिलेली, नळीच्या आत. बाहेर वेगळा नंबर. दोन्ही.

अल्कोहोलबद्दल: फॉर्मलिननं आकार चांगला टिकतो पण पुढे डीएनए पाहायचा झाला तर अडतं, म्हणून 95 टक्के इथेनॉलच. पण पुलाच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा, तिथे 1993 पासून दारूबंदी. नाक्यावर बाटली दिसली तर समजावण्यात वेळ जाणार. कॉलेजच्या लेटरहेडवर प्रयोगशाळेच्या कामाचं पत्र घेऊन ते बाटलीबरोबरच पिशवीत ठेवतो. एकदा विचारणा झाली, पत्र पाहून दोन मिनिटांत सोडलं.

16 मार्च

पाऊण मीटरचा खड्डा दर वेळी खणायचा तर दिवसाला दोनच होतात. म्हणून बू-रूश पंप. या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1967 मध्ये सांगितलेली युक्ती: टोकाशी भोकं पाडलेला पाइप रेतीत ठोकायचा आणि वर हातपंप लावून आतलं पाणी उपसायचं.

वेल्डरकडून दीड मीटरचा एक इंची जीआय पाइप, टोक बंद करून, खालच्या वीतभर भागात 5 मिलिमीटरची भोकं. पाइप आणि मजुरी 780, हातपंप 1,900. पहिल्या दिवशी पंपानं पाणी उचललंच नाही. तासभर दांडा हलवून खांदे भरून आले. आतला चामड्याचा वायसर दुकानात पडून कडक झाला होता. उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवल्यावर धरला. आता निघण्याआधी रात्रभर वायसर भिजत ठेवतो.

दुसरी गोष्ट: पाइप ठोकताना वरच्या आट्या घणानं चेपल्या, मग पंप बसेना. जुना सॉकेट वर चढवून त्याच्यावर घाव घालायचे. सॉकेट बिघडला तर चाळीस रुपये, पाइप बिघडला तर पूर्ण फेरी वाया.

30 मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारून नदीवर गेलो आणि घरच्यांनी बोल लावला नाही, याची नोंद इथे असू द्या.

काठापासून बारा पावलं वर, पाइप 110 सेंटिमीटर खोल. पहिले पाच लिटर वेगळे, पुढचे पाच वेगळे. पहिल्यातच तीन. या वेळी आनंद आवरून आधी मोजणी केली. सुटे खंड सात. पाय सात जोड्या, एकफांदी. पहिल्या पायाचा पंजा फुगीर, वर नख मिटणारं, बाकीचे पाय साधे. छातीमागे पोटाचे दोन सुटे खंड, आणि पुढचे सगळे शेवटच्या तुकड्यात एकजीव झालेले. टोकाला लहान पुच्छपाद. फर्का नाही. डोळे नाहीत.

मायक्रोसर्बेरिडी. एवढं खात्रीनं लिहितो.

या कुळातले कितीतरी जीव समुद्रकिनाऱ्याच्या रेतीत राहतात. आमची वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. इथून समुद्र किती लांब आहे हे नकाशात पाहिलं आणि बराच वेळ त्या नळीकडे पाहत बसलो.

मात्र तिन्ही माद्या. जात ठरवायची तर नर लागतो, कारण या कुळात जातीजातींतला फरक मुख्यतः नराच्या दुसऱ्या उदरपादात असतो, म्हणजे पोटाखालच्या दुसऱ्या जोडीत. तिचा आतला फाटा समागमासाठी बदललेला असतो आणि प्रत्येक जातीत त्याची ठेवण निराळी.

13 एप्रिल

काही मिळालं नाही. पाइप ठोकून गाळायला बसलो तेवढ्यात पाणी चढू लागलं. वरून सोडलं होतं. डांगरवाडीवरून हाका आल्या म्हणून पंप काढून पळता आलं, पाइप तिथेच राहिला. पुढे आठ दिवस ती रेती पाण्याखाली होती. पाइप 21 तारखेला ढिवर मोहल्ल्यातल्या काकांनी डोंग्यातून जाऊन उपटून आणला, पैसे घेतले नाहीत. निघण्याआधी वरच्या गावात फोन करून नदीची विचारपूस करायची, हे आता ठरलेलं.

27 एप्रिल

पारा 44. सकाळी साडेपाचला सुरू करून नऊला आवरलं. तीन ठिकाणं, सात आयसोपॉड. जिवंत हालचाल पाहायची म्हणून त्यातले चार पाण्याच्या बाटलीत घरी नेले, अर्ध्या रस्त्यातच मेले आणि घरी पोचेपर्यंत अंग सडायला लागलं होतं. भूजलाचा जीव बारा महिने जवळपास एकाच तापमानात असतो, त्याला दुचाकीच्या डिकीतली दुपार कशी सोसणार? हे मला आधी सुचायला हवं होतं. अल्कोहोलमधले तीन नीट आहेत. जिवंत न्यायचे तर थर्मासमध्ये, त्याच झिऱ्याचं पाणी भरून.

त्या तिघांत एक नर वाटतो.

4 मे

नर गमावला.

अल्कोहोलमधून थेट ग्लिसरीनमध्ये टाकला. दाट ग्लिसरीननं आतलं पाणी ओढून घेतलं आणि अंग सुकल्या मिरचीसारखं आकसलं. तरी सुया चालवल्या, उदरपाद सुटा झाला, आणि तो कव्हरस्लिपखाली घेताना पंख्याच्या वाऱ्यानं कव्हरस्लिप सरकली. तुकडा एक दशांश मिलिमीटरच्या आसपासचा. दोन तास टेबल, स्लाइड, सुई, सगळं पाहिलं. नाही सापडला.

बरोबर रीत अशी, आणि ती मला माहीत होती पण धीर धरला नाही: नमुना अल्कोहोलच्या वाटीत, त्यात ग्लिसरीनचे चार थेंब, वर सैल झाकण, दोन दिवस तसंच. अल्कोहोल आपोआप उडतं, ग्लिसरीन हळूहळू अंगात जातं, अंग आकसत नाही. पंखा बंद. ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात पंखा बंद करून बसणं कठीण, म्हणून हे काम पहाटे चार ते सहा. सुया म्हणजे कीटक टोचायच्या सर्वांत बारीक टाचण्या, काडीच्या टोकाला डिंकानं बसवलेल्या. इन्सुलिनची सुई जाड पडते.

18 मे

दोन पहाटे नदीवर, एकूण साठ लिटर, पाच आयसोपॉड, त्यात एक पक्का नर. रोझ बेंगॉल यात घातला नाही. गडद रंगानं बारीक काटे झाकले जातात. आता डोळे सरावले आहेत, पांढराही दिसतो.

वाटीत ठेवला, झाकला, आणि तीन दिवस त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

22 मे, पहाट

उदरपाद दोन्ही बाजूंचे सुटे झाले. ग्लिसरीन जेलीत स्लाइड केली, कडा नेलपॉलिशनं बंद. तेलाच्या भिंगाखाली आतला फाटा स्वच्छ दिसतो: बुंध्याला रुंद, पुढे निमुळता, टोकाशी वळण. मोबाइल आयपीसला लावून वेगवेगळ्या खोलीवर चाळीस फोटो घेतले आणि त्यावरून पेन्सिलनं चित्र काढलं. फोटोत एका वेळी एकच पातळी येते, चित्रात सगळ्या एकत्र आणता येतात. शेजारच्या कॉलेजातून मायक्रोमीटर स्लाइड मागून मापं घेतली, अंदाजानं घेतलेली आधीची सगळी मापं खोडली.

वंश लिहायचा मोह होतो. लिहीत नाही. छातीच्या खंडांवरच्या कॉक्सांची, म्हणजे पायांच्या बुंध्याच्या तुकड्यांची, ठेवण मला दोन बाजूंनी दोन वेगळी दिसते आहे, आणि एका नरावर ते ठरत नाही. चित्रं आणि मापं या कुळावर काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवली.

1 जून

शेवटची फेरी पावसाआधीची. जिथे 30 मार्चला पहिले तीन मिळाले होते ती रेतीच नाही. मशीननं उचलून नेली. पुरुषभर खोल खळगा, त्यात हिरवं, उघडं, तापलेलं पाणी. त्यातून दहा लिटर गाळलं. डासांच्या अळ्या, सायक्लॉप्स, जानेवारीतल्या शेतविहिरीसारखं. नदीला पूर येईल, खळगा रेतीनं भरेलही. पण त्या नव्या रेतीत हे जीव परत यायला किती काळ लागतो ते मोजायचं आहे, म्हणून खळग्याची जागा पुलाच्या खांबांपासून पावलं मोजून वहीत मांडली. हे पाहताना वाईट वाटलं, ते लपवत नाही.

मावशींचा झिरा अजून आहे. त्यांना स्लाइडचा फोटो मोबाइलवर दाखवला. त्यांनी विचारलं, हे पाण्यातून पोटात जातं का. मी सांगितलं की त्यानं काही होत नाही, उलट ते जिथं आहेत तिथलं पाणी रेतीतून नीट चालत आलेलं असतं. त्या म्हणाल्या, मग राहू द्या.

आजवरचा खर्च साधारण 7,800 रुपये, त्यात पेट्रोल 2,600. कामाचे रविवार अकरा, त्यातले पाच रिकामे. ऑक्टोबरमध्ये पाणी उतरलं की पुन्हा, या वेळी पुलाच्या वरच्या अंगाला, किमान तीन नर मिळेपर्यंत.

नळीतली चिठ्ठी सध्या अशी: वैनगंगा, उजवा तीर, आरमोरी रस्त्याच्या पुलाखाली, काठापासून 12 पावलं, खोली 110 सेंमी, 18-5-2025, मायक्रोसर्बेरिडी, नर 1, मादी 4, वंश व जात ठरायची आहे.